कोयत्याचा ऐन

शिमग्याच्या आधी ऐनाला पालवी फुटत नाही. हिर्डोशीच्या वरच्या अंगाला आमची वाडी, तिथल्या शेंबड्या पोराला विचारलंत तरी तो हेच सांगेल. आधी सावर फुलते, मग पांगारा. आंब्याचा मोहोर गळायला लागतो, तांबट पक्षी दिवसभर टुक टुक करून डोकं उठवतो, आणि हे सगळं उरकल्यावर मग कुठं ऐन. आळशी गडी तो, घरातली सगळी उठल्यावर उठणारा. यंदा संक्रांतीचा तिळगूळ अजून डब्यात होता, मी शेणाची पाटी घेऊन वरच्या बांधाला गेले आणि बघते तर आमचा ऐन फुटलेला. आजूबाजूचे ऐन जुना, भोकं पडलेला पाला अंगावर घेऊन उभे होते. आमच्या ऐनाचा पाला मात्र एका रात्रीत खाली आला होता, आणि उजवीकडच्या फांदीला तांबूस, लवदार कोंब आले होते.

खोटं कशाला बोलू, मला आधी आनंदच झाला. मग नजर आणखी वर गेली, तिथं कोयता दिसला आणि आनंद गेला.

कोयता वर्षभर तिथंच आहे. माझ्या नवऱ्याचा. आमच्यात नवऱ्याचं नाव घेत नाहीत, पण ‘हे’ ‘हे’ करत सांगत बसले तर तुमच्या ध्यानात काही राहायचं नाही, म्हणून धनाजी म्हणते. घरात म्हणत नाही.

गेल्या वर्षी माघाच्या शेवटी धनाजी कवळ तोडायला त्या ऐनावर चढले होते. कवळ म्हणजे पाल्यासकट फांद्या. त्या तोडून रोपाच्या खाचरात पसरायच्या, वाळू द्यायच्या, वर शेण-पाचोळा टाकून उन्हाळ्यात जाळायच्या. हा झाला राब. त्या राखेत पेरलेलं भाताचं रोप तरारून येतं आणि तण डोकं वर काढत नाही. मी उत्रोलीची. आमच्याकडं सपाट खाचरं, रस्त्याला लागून, तिथं झाडावर कुणी चढत नाही. हितं आल्यावर मला कळलं की कवळ तोडायलाही रीत आहे. खालच्या सगळ्या फांद्या उतरवा, पण शेंडा राखायचा. शेंडा झाडाचा, त्याला कोयता लावायचा नाही.

त्या दिवशी भारा कमी पडत होता आणि ऊन वर आलं होतं. धनाजींनी शेंड्याला कोयता घातला. पहिल्याच घावात तो रुतला. काढायला दोन्ही हातांनी हिसडा दिला. कोयता आला नाही, धनाजी आले.

टेम्पोत घालून त्यांना भोरला आणि तिथनं पुण्याला न्यायचं होतं. टेम्पो निघायच्या आधी आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, सगुणाबाई, परत बांधावर पळत गेल्या. ऐनाला दोन्ही हातांनी कवळा घातला, मिठीच मारली, आणि काहीतरी बोलल्या. मला ओठ हललेले दिसले, शब्द काही ऐकू आले नाहीत. लुगड्याच्या पदराचा काठ फाडून त्यांनी खोडाला बांधला आणि येऊन टेम्पोत बसल्या.

“कोयत्याला कुनी हात लावायचा न्हाई,” त्या म्हणाल्या. “झाडानं धरलाय. त्येचं त्ये सोडंल.”

पुण्याचे डॉक्टर म्हणाले, मणका दबलाय, पण नस तुटलेली नाही. वर्षभरात पायांत जीव आला तर आला, नाही तर मग नाही. म्हणजे आम्हाला एक वर्ष दिलं. ते आता सरत आलं होतं.

वर्ष कसं काढलं ते माझ्या पाठीला विचारा. सकाळी धनाजींना ओटीवरच्या खाटेवरून पाठीवर घ्यायचं, अंगणाच्या पायऱ्या उतरून परसात न्यायचं, सगळं उरकून, धुऊन, पुसून परत आणायचं. कुशीवर वळवून पाठीच्या जखमांना मलम लावायचं. जन्मभर उन्हातानात राबलेला माणूस, आता बायको लंगोट बदलते तेव्हा वर आढ्याकडं बघत राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे पायऱ्या. त्यांना पाय आवळून धरता यायचे नाहीत, म्हणून प्रत्येक पायरीला ते लोंबते पाय माझ्या पोटऱ्यांवर येऊन आपटायचे. गार असायचे. उन्हात बसवलं तरी गारच. पोरीला मी उत्रोलीला आईकडं शाळेत घातली, तिनं हे रोज बघावं असं मला वाटेना.

आणखी एक होतं, ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. ओटीवरून ऐन दिसत नाही, मध्ये घराची भिंत आहे. तरी धनाजी पडल्या पडल्या म्हणायचे, “वारा सुटला बघ वरच्या बांधाला.” अंगणात तुळशीचं पान हलत नसायचं. मी म्हणायची, कुठला वारा? आणि थोड्या वेळानं वरून सळसळ उतरत यायची, पत्रा वाजायचा.

“तुमाला कसं कळतं?” मी एकदा विचारलं.

“पाठीत हलतंय,” ते म्हणाले. “कोयता हाय न्हवं पाठीत. झाड हललं की त्यो हलतो.”

डॉक्टरांना विचारलं असतं तर म्हणाले असते, नसेचं दुखणं असंच असतं. मी विचारलं नाही.

ऐन फुटल्याचं मी घरी येऊन सांगितलं, तेव्हा चुलतसासरे गेनबातात्या चहाला आले होते. तात्यांची एक खोड. धनाजी समोर पडलेले असताना ते मलाच विचारायचे, “ह्येचं जेवान जातंय का?” जसं काही खाटेवर गाठोडं ठेवलंय. त्या दिवशीही तसंच. “ह्येची झोप व्हती का?”

“त्यांनाच विचारा की तात्या. तोंड पडलेलं न्हाई त्यांचं,” मी म्हणाले.

तात्यांनी बशी खाली ठेवली. “कवळ काढलं का पर तुझं? लोकांचं खाचरात पडून वाळाया लागलंय.”

“कोण काढणार? आणि आमचा ऐन तर फुटलाय.”

“आत्ता? संक्रांतीत?”

त्यांना खोटं वाटलं. काठी घेऊन स्वतः बांधावर जाऊन बघून आले. परत आले ते चहा न पिताच टोपी सारखी करायला लागले.

“त्या झाडावर पाखरू न्हाई बसत,” ते म्हणाले. “बघितलंस का? तांबट वाजतोय त्यातनं, पर दिसत न्हाई. खाली गेलं की गप्प.”

“तात्या, तुमी चढा. तेवढा कोयता काढून द्या, मग वाजू दे काय वाजायचं ते.”

“म्या? न्हाई बा. सगुणावैनी त्येला बोललीय. काय बोललीय तिलाच ठावं. बोललेल्या झाडाला दुसऱ्यानं हात लावू न्हाई.”

“मग मी चढते.”

“बाईमानसानं ऐनावर चढू न्हाई. झाड वांझ व्हतं.”

“आजवर कितीक लेकरं झाली ऐनाला?”

धनाजी फसकन् हसले. कितीतरी महिन्यांनी. तात्यांना ते झोंबलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कवळाचे दोन भारे आमच्या कुंपणाबाहेर टाकले आणि अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, “घे गं, तुझ्या राबाला. कुनी न्हाई करनारं तर आमी हाय.” भारे घेतले मी. ताठ्यानं रोप उगवत नाही. दोन भाऱ्यांनी खाचराचा एक कोपरा झाकला, बाकी उघडंच. मग मी करवंदी तोडली, तरवड तोडला, हाताची सालटं निघाली, तरी खाचर उघडं ते उघडंच.

त्याच आठवड्यात मी धनाजींची नखं काढत होते. उजव्या पायाच्या अंगठ्याला कात्री लावली आणि अंगठा आखडला. मी कात्री बाजूला ठेवली. पुन्हा बोट लावलं. पुन्हा आखडला. धनाजींकडं बघितलं तर ते माझ्याकडं बघत होते, ओठ मिटून, बोलले तर मोडेल असं.

“गार लागली कात्री,” ते हळूच म्हणाले. “लागली गं, रत्ना.”

मी रडले. हसले पण. तशीच उठून चुलीकडं धावले. आत्याबाई भाकरी थापत होत्या.

“अंगठा हलला, आत्याबाई. ह्यांचा अंगठा हलला.”

त्यांचा हात परातीत थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली, त्यांना वास आला नाही.

“कंचा पाय?” त्यांनी विचारलं.

“उजवा.”

आत्याबाईंचा पिठाचा हात त्यांच्या उजव्या गुडघ्यावर गेला. लुगड्यावर पाच बोटं उमटली. “बरं झालं,” त्या म्हणाल्या. “लई बरं झालं.” मग तोंड चुलीकडं करून लाकडं सारत बसल्या. लेकाला बघायला त्या बाहेर आल्या, पण सगळ्या भाकऱ्या झाल्यावर. मला ते खटकलं. माझ्या पोरीचा पहिला दात मी पोळता तवा टाकून बघितला होता.

त्यानंतर आत्याबाईंना घरात थारा राहिला नाही. तशी त्यांच्याइतकी चालणारी बाई आमच्या भागात नाही. एसटी चुकली तर दुसरीची वाट बघायची नाही, पायीच निघायचं. पण आता रोजच निघायला लागल्या. आज डोंगरावरच्या देवीला, उद्या धरणाच्या पाण्याला वळसा घालून पलीकडं बहिणीकडं, परवा काही कारण नाही, नुसत्याच खिंडीपर्यंत. उन्हं उतरल्यावर यायच्या, धुळीनं गुडघ्यापर्यंत माखलेल्या, आणि अंगणात बसून पायांना तेल चोळायच्या. पोटरी, घोटा, एकेक बोट. कौतुकानं चोळायच्या.

“कशाला एवढं चालता, आत्याबाई? घरात काम काय कमी आहे?”

“चालतंय तवर चालून घ्यावं,” त्या म्हणायच्या.

मला राग यायचा. इकडं लेक अंगठ्याएवढा उठला होता, आणि आई गावभर हिंडत होती.

मी मात्र रोज बांधावर जायचे. अंगठा हलला त्या दिवशी उजवीकडची फांदी पाल्यानं भरली होती. डावी नुसतं लाकूड. मी मनाला म्हणाले, रत्ना, दहावी झालेली बाई तू, हे काय बघत बसलीस. पण घरी येऊन डाव्या पायाला चिमटे काढून बघायचे, आणि तो पाय मेल्यासारखा पडलेला असायचा. मग एक दिवस डाव्या फांदीच्या टोकाला एकच कोंब दिसला. मी खाली आले, धनाजींच्या डाव्या पायाच्या करंगळीला हात लावला आणि ते म्हणाले, “काय करतीस? गुदगुल्या व्हत्यात.”

मी हात काढून घेतला. त्यांना काही सांगितलं नाही.

तिथंच सगळं थांबलं. माघ निम्मा उलटला. गावातल्या सावरी लाल झाल्या, आमच्या परसातला शेवगा फुलानं पांढरा झाला, गरम वारा सुटून दुपारी पाचोळा दारात गोळा व्हायला लागला. ऐनाची पालवी कोयत्यापर्यंत चढली आणि थांबली. त्याच्या वरचा शेंडा वाळून कोळसा झाला होता. खालचं खोड मात्र कोयत्याच्या पात्याभोवती फुगलं होतं, ओठ आवळून काही धरावं तसं. पातं दिसेनासं झालं होतं, नुसती मूठ बाहेर. धनाजींच्या पायांतही पुढं काही येईना. बोटं हलायची, पण घोटा, गुडघा काही नाही. आणि पाठीतली कळ अशी वाढली की माणूस उशी चावायला लागला.

“काढ त्यो कोयता, रत्ना,” ते म्हणाले. “म्या डोकं फिरल्यावानी बोलतोय, मला कळतंय. तरी काढ.”

मी आत्याबाईंना गाठलं. त्या तेल चोळत होत्या.

“कोयता काढते मी उद्या.”

“काढलास तर माझा लेक ऱ्हायचा न्हाई.”

“आणि नाही काढला तर असाच राहायचा, जन्मभर. डॉक्टरांचं वर्ष सरतंय. तुमी झाडाला काय बोललात, आत्याबाई?”

“आईनं लेकासाठी काय बोलावं? बरंच बोलले आसंल की.”

“मग ते पुरं होऊ द्या.”

त्यांनी तेलाचा हात थांबवून माझ्याकडं बघितलं. अंधारून आलं होतं, डोळे नीट दिसत नव्हते. “व्हऊ दे की,” त्या म्हणाल्या. “कोन न्हाई म्हंतंय.”

सकाळी उठून बघते तर गोठ्यामागची शिडी नाही. शोधत ओढ्यापर्यंत गेले. ओढ्यात पाण्याची रेघच उरली होती. शिडी खडकावरून खाली फेकलेली, मधल्या पायऱ्या मोडलेल्या. वाळूत वहाणांचे ठसे होते. आत्याबाईंच्या उजव्या वहाणेला टाचेशी मी स्वतः टायरचा तुकडा ठोकून दिलाय, त्याची नक्षी मला ओळखायला येते. माझं डोकं सणकलं. लेक उठू नये म्हणून आईनं शिडी मोडावी? मला वाटलं, बाई फिरली. मला वाटलं, हिला लेक असाच पडून हवा, खाटेवर, हाताशी. काय काय वाटलं ते सांगायलाही लाज वाटते.

घरात आले. आत्याबाई नव्हत्या, निघून गेल्या होत्या कुठंतरी. मी गाऊन गुडघ्याच्या वर खोचला, खाली धनाजींची जुनी फुलपँट चढवली, कमरेला गोठ्यातला दोर बांधला. धनाजी खाटेवरून बघत होते.

“माझी पँट तुला ढिली व्हती,” ते म्हणाले.

“तुमी वाळलात. मी न्हाई,” मी म्हणाले. त्यांनी माझा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

झाडावर चढणं काय असतं ते मला त्या दिवशी कळलं. ऐनाची साल भेगाळलेली, चौकोनी खपल्यांची. हातांना धरायला बरी, पण मांड्या सोलून काढते. दोर खोडाभोवती टाकून मी सरकत सरकत वर गेले. तांबट वाजत होता. टुक, टुक. खोडाला कान लागला की आतनं आल्यासारखा वाटायचा. पहिल्या फांदीला हात घातला तेव्हा तो थांबला. वारा पण पडला. एवढी उंच आले, तरी एक पान हलेना.

कोयत्यापाशी पोचले. वरून घर दिसत होतं. आमचं घर मी कधी असं बघितलं नव्हतं, लहानसं, पत्रा जागोजागी गंजलेला. भिंतीच्या कडेवरून ओटीचा एक तुकडा दिसत होता, खाटेचा पायथा, आणि गोधडीबाहेर आलेले धनाजींचे दोन तळवे. पांढरे. मी मुठीला हात लावला तर मूठ कोमट लागली. उन्हानं असेल.

मी हलकासा हिसका दिला. खाटेवरचे दोन्ही तळवे ताठ झाले.

“रत्ने, उतर.”

खाली आत्याबाई उभ्या होत्या. धापा टाकत होत्या, पदर खांद्यावरून घसरलेला. वाटेतनं मला बघून पळत आल्या असाव्यात.

“काढल्याबिगर उतरायची न्हाई,” मी म्हणाले. “शिडी मोडलीत ना? बघा, चढले मी.”

“थांब. माझं ऐक. शिमग्यापातूर थांब.”

“शिमग्याला काय आहे?”

“काय न्हाई. देवीला चालत जाऊन येते एकदा. मंग काढ. म्या नगं म्हननार न्हाई.”

“रोज तर जाता देवीला.”

“अजून एकडाव.” त्यांचा आवाज लहान पोरीसारखा झाला. “नुस्ती शिमग्यापातूर गं.”

मला त्यांचं काही कळेना. इतक्यात घरातनं धनाजी कण्हले. मोठ्यानं नाही. “आई गं,” एवढंच. सगळा बांध इतका गप्प होता की ते इथवर आलं.

आत्याबाईंनी घराकडं बघितलं. मग आपल्या पायांकडं बघितलं. वहाणा काढल्या, नीट जोडीनं बाजूला ठेवल्या. पुढं येऊन खोडाला दोन्ही हातांनी कवळा घातला, त्या दिवशी घातला होता तसाच, आणि कपाळ सालीला टेकवलं.

“वढ,” त्या म्हणाल्या. “वढ आता. थांबू नगंस.”

मी पाय फांदीत अडकवले, दोन्ही हातांनी मूठ धरली आणि अंगातलं सगळं बळ लावलं. कोयता हलला, अडला, परत हलला. आणि एकदम सुटला. मी मागं गेले, दोरानं धरलं म्हणून वाचले.

घावातनं पाणी आलं. ऐनाच्या पोटात पाणी असतं, हे गुराखी सांगतात, उन्हाळ्यात फुगवट्याला कोयता मारून पितातही. पण मी कधी बघितलं नव्हतं. आधी पिचकारीसारखं आलं, मग धार लागली. गार, आंबूस वासाची. माझं तोंड, छाती, ती ढिली पँट सगळं भिजवून ती खोडावरून खाली उतरली आणि खाली कवळा घालून उभ्या असलेल्या आत्याबाईंच्या डोक्यावरून, पाठीवरून, पायांवरून मातीत गेली. लवकर थांबेना. एका झाडात एवढं पाणी असतं का, असं मला वाटलं. आत्याबाई हलल्या नाहीत. खोडाला धरून हळूहळू खाली बसल्या.

“रत्ना,” घरातनं धनाजींचा आवाज आला. खणखणीत आवाज, वर्षापूर्वीचा. “रत्ना, माझ्या पायांवर पानी कुनी वतलं गं?”

मी खाली कशी आले मला आठवत नाही. हात सोलले, पँट फाटली. कोयता हातात तसाच घेऊन घराकडं पळाले. धनाजी कोपरांवर उठून बसले होते. गोधडी कोरडी होती, पाय कोरडे होते. मी पायांना हात लावला. उबदार होते. मी कोयता टाकून दोन्ही हातांनी ते तळवे गालाला लावले, ऊब खरी आहे का बघायला. धनाजींनी दात आवळले आणि उजवा गुडघा उचलला. वीतभर. मग डावा, त्याच्याहून कमी. माझी बोटं त्यांच्या पायांवरून फिरत राहिली, आणि ते सांगत राहिले, हितं कळतंय, हितं पन कळतंय.

“पाठीतला कोयता?” मी विचारलं.

त्यांनी जरा अंदाज घेतला. “न्हाई,” म्हणाले. “आई कुठं हाय? तिला दाव की.”

तेव्हा मला आठवलं. एवढी हाक ऐकून आई का आली नाही?

बांधावर गेले. आत्याबाई खोडाला टेकून बसल्या होत्या, पाय समोर सरळ सोडलेले, ओलं लुगडं पोटऱ्यांना चिकटलेलं. वहाणा जोडीनं बाजूलाच. वर तांबट पुन्हा वाजायला लागला होता, आणि आता तो दिसतही होता, उजव्या फांदीवर.

“गुडघा उचलला त्यांनी,” मी म्हणाले. “दोन्ही. चला, बघायला बोलावतायत.”

त्यांनी डोळे मिटले. “दोनी,” त्या म्हणाल्या. “देव पावला.” गालांवरून पाणी ओघळलं, झाडाचं की त्यांचं, कळलं नाही.

“उठा की मग.”

“बसू दे जरा.”

“आजारी पडाल ओल्या अंगानं. उठा, आत्याबाई.”

“नगं,” त्या म्हणाल्या. “उठाया गेले आन् न्हाई उठता आलं, तर? तवर न्हाई कळलेलं बरं.”

मी त्यांच्यासमोर उकिडवी बसले. “तुमी काय बोलला होतात?”

“ह्येचं पाय दे, माझं घे.” त्या मातीकडं बघून बोलत होत्या. “टेम्पो उभा, लेक पडलेला, त्या वक्ताला त्येच आलं तोंडात. खऱ्या मनानं बोलले, देवाशप्पथ. मंग घरी आले. दीस गेलं. आन् ह्यो फुटाया लागला, तशी म्या भ्याले. सकाळी उठलं की आधी पाय हलवून बघायची. शिडी म्याच टाकली वढ्यात. आई हाय, आन् भ्याले.”

“असं काही नसतं,” मी म्हणाले. माझाच आवाज मला खोटा वाटला. “गार पाण्यानं बधिर झालं असंल.”

“व्हय,” त्या म्हणाल्या. “तसंच आसंल.”

मला त्यांचे पाय धरून रडावंसं वाटलं. सकाळी मनात काय काय बोलले होते, ते सगळं आठवलं. पण पायांना हात लावायचा धीर झाला नाही. मी पाठ केली, खाली वाकले आणि म्हणाले, “या. चालायला नको तुमाला. मला सवय आहे.”

त्यांनी गळ्यात हात टाकले. हलक्या होत्या, धनाजींच्या निम्म्याही नाहीत. एका हातात मी त्यांच्या वहाणा घेतल्या. बांध उतरले, उघड्या खाचरातनं चालले, तात्यांचे दोन भारे एका कोपऱ्यात वाळत पडले होते. वाटेवर करवंदीला बारीक पांढरी फुलं आली होती. आत्याबाई पाठीवरून ती बघत म्हणाल्या, “लौकर आली यंदा.”

अंगणात आलो. ओटीवर धनाजी भिंतीला टेकून बसले होते, पाय खाटेवरून खाली सोडून. आई दिसली तसा त्यांनी उजवा पाय उचलून दाखवला, दाखवला आणि पोरासारखे हसले. त्यांना वाटलं, थट्टेनंच घेतलंय आईला पाठीवर.

“बघितला रं, बघितला,” आत्याबाई माझ्या कानाशी म्हणाल्या. त्या पण हसत होत्या, त्यांचं हसू माझ्या पाठीला लागत होतं.

मी पहिली पायरी चढले. पोटऱ्यांवर काहीतरी येऊन आपटलं. दुसरी चढले, पुन्हा आपटलं. गार.

“पाय आवळून धरा, आत्याबाई,” मी म्हणाले.

“धरल्यात की,” त्या म्हणाल्या.